'शांत, मनमिळाऊ' वगैरे

आत्तीची निधनवार्ता थोरल्या काकांनी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिली, औषधाच्या बिलामागच्या कोऱ्या बाजूला. पेपरवाले रात्री कधीपर्यंत बातमी घेतात हे त्यांना पाठ आहे. पेठेत कुणी गेलं की कागद बहुतेक त्यांच्याच हातचा असतो. 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या अत्यंत शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात आई, दोन भाऊ, भावजया, पुतणे, पुतण्या असा परिवार आहे.' खाली रक्षाविसर्जनाची वेळ आणि पंचगंगा स्मशानभूमी.

मी म्हटलं, "काका, शांत?"

"अगं, असंच लिवत्यात."

"पेठ हसंल."

काकांचं पेन थांबलं. डोळे पुसता पुसता त्यांनाही जरा हसू आलं. 'अल्पशा आजाराने' हेही तसं खोटंच होतं. आजार कसला, सकाळी दुकान उघडलं, दुपारी मेंदूत रक्तस्राव होऊन आयसीयूत, दुसऱ्या दिवशी रात्री संपलं. वय ४३.

आत्तीचं कांडप होतं, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. मिरची कुटायचे डंक, एक चाळण आणि हळदीला वेगळी चक्की. फेब्रुवारी उजाडला की बायका मिरचीचे डबे घेऊन यायला लागायच्या, ते मेअखेरीपर्यंत तिला जेवायला फुरसत नसायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. कुणाच्या घरात कशाचं प्रमाण किती हे तिला त्या घरातल्या सुनेपेक्षा जास्त माहीत. डंक सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. मशीन बंद असतानाही ती तशीच बोलायची. दवाखान्यात, देवळात, बारशाला, सगळीकडं.

"मिरची ओली हाय. घरी जा, दोन उनं दे, मग ये. डंकात गोळा झाला तर माझ्याम्होरं रडत बसू नगंस." हे गिऱ्हाइकाला. भल्या घरच्या बाईलासुद्धा. आणि ती बाई निमूट डबा उचलून जायची, कारण ओल्या मिरचीची चटणी पावसाळ्यात बुरशी धरते हे आत्तीचं म्हणणं कधी खोटं ठरलं नव्हतं.

दुसरं वेड फुटबॉलचं. सीझनला शाहू स्टेडियमवर मॅच असली की चार वाजता डंक बंद. भर हंगामात! रांगेतल्या बायका खवळायच्या, ही स्कूटी काढायची. पायऱ्यांवर पोरांच्या घोळक्यात बसून रेफ्रीच्या सात पिढ्या काढायची. कुठल्या तालमीच्या संघाच्या बाजूनं ते इथं लिहीत नाही, कोल्हापुरात त्यावरून अजून भांडणं लागतात.

तर काकांनी 'शांत' खोडलं. त्याजागी काय, यावर बाबा म्हणाले 'बोलक्या', आई म्हणाली 'कष्टाळू', चुलतभाऊ म्हणाला जे होतं ते छापता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं ते असं: 'त्या मनमिळाऊ व फुटबॉलप्रेमी होत्या.' मनमिळाऊ मला काढता आलं नाही.

ही बातमी लिहिण्याआधी डोळ्यांचं झालं होतं. तालमीच्या गणपतीत कधीतरी नेत्रदानाचं शिबिर होतं, तिथं तिनं फॉर्म भरलेला. त्याचं कार्ड पर्समध्ये आधार कार्डामागं सापडलं. पण कार्ड असलं म्हणजे झालं असं नसतं. माणूस गेल्यावर जवळच्या नातेवाइकानं लेखी संमती द्यावी लागते, आणि घरचे नको म्हणाले तर कुणी जबरदस्ती करत नाही. आमच्यातल्या एका मामींनी लगेच काढलं, "पुढल्या जन्मी आंधळी ईल पोरगी." सगळे गप्प. तेव्हा आज्जी बोलली. रात्रभरात तिनं तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, "ह्या जन्मी तर चश्म्याबिगर आंधळीच हुती. द्या."

वेळ हातात सहा तासांचाच असतो. फोनवरच्या माणसानं सांगितलं ते आम्ही केलं: पंखा बंद, डोक्याखाली उशी, पापण्या मिटून वर ओला कापूस. मला भीती होती की तिच्या जाड भिंगामुळं नको म्हणतील. नंबर कितीही असला तरी चालतो, मधुमेह असला तरी चालतो. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, रेबीज, रक्ताचा कर्करोग असलं काही असेल तर घेत नाहीत. त्यासाठी रक्ताचा नमुना घेतला. आलेली माणसं कमी बोलणारी होती, पडदा ओढला, वीसेक मिनिटांत काम झालं. चेहरा होता तसाच. एकाच्या डोळ्यांनी दोघांना दिसू शकतं, कुणाला ते मात्र सांगत नाहीत.

आता येणारे-जाणारे म्हणतात, तिचे डोळे अजून जग बघतायत. मला हे वाक्य चालत नाही. दिला जातो तो कॉर्निया, बुबुळावरचा पारदर्शक पडदा; नजर नाही. आणि आत्तीची नजर डोळ्यांत नव्हतीच, जिभेवर होती.

स्मशानात आम्हाला पैशाचं काही बघावं लागलं नाही. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. लाकडं, शेणी म्हणजे गोवऱ्या, सगळं तिथंच. लोक जमेल तसं दान देतात. होळीला पेठापेठांतून शेणी गोळा करून स्मशानभूमीला देण्याची पद्धत पडली आहे, होळी लहान करायची आणि उरलेल्या शेणी तिकडं. आत्ती दरवर्षी स्कूटीच्या पायाशी पोतं ठेवून न्यायची. हटकलं की म्हणायची, "माझीच सोय करून ठेवतो बाबा, तुमच्या जिवावर काय खरं न्हाई." त्या वर्षीची होळी नुकतीच झाली होती. काकांना ते तिथं उभं असताना आठवलं आणि ते बाजूला जाऊन बसले.

रक्षा थोडी नदीत, बाकीची शेतात आंब्याच्या बुडाला. त्यावर वाद झाला नाही.

वाद झाला फोटोवर. माझ्या फोनमध्ये आत्तीचे ढीगभर फोटो, पण एकातही तोंड मिटलेलं नाही. कुठं गुलालात न्हालेली, कुठं कुणावर तरी खेकसताना, कुठं मिरचीच्या ठसक्यानं डोळ्यात पाणी. घरच्यांना भिंतीवर लावायला 'नीट' फोटो पाहिजे होता. नीट म्हणजे लग्नातला, आणि तो तर तिनं स्वतः फाडलेला. शेवटी स्टुडिओत गेले. पोरगा तरबेज. गुलाल पुसला, तोंड मिटवलं, केस बसवले, मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, साडी कुठली घालू? काठपदर हाय, पैठणी हाय, इरकल हाय." त्याच्याकडं साड्यांचे गळ्यापर्यंतचे तयार साचे होते. एकेक आत्तीच्या मानेखाली लावून दाखवायला लागला. हिरव्या पैठणीत ती कुणीतरी बँक मॅनेजरची बायको दिसत होती. मी म्हटलं, टी-शर्टच राहू दे. तो म्हणाला, "घरचे ओरडतील." ओरडले असतेच. इरकल घातली.

ती आता आज्जीच्या खोलीत आहे. पण तालमीच्या पोरांना माझ्याकडनं मूळ फोटो गेला होता. दहाव्याच्या आत चौकात डिजिटल लागलं: गुलालानं लाल तोंड, सगळे दात, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. डिजिटल फलकांनी शहराचं वाटोळं केलंय असं एरवी मी दहा जणांना ऐकवते. हा मात्र उतरवायला लागले तेव्हा मी मागून घेतला.

कागदपत्रांचं काम माझ्याकडं आलं, कारण बाबा काउंटरवर रडायचे आणि काका भांडायचे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, १९६९च्या कायद्यानं. दवाखान्यात मृत्यू झाला तर ती खबर दवाखानाच देतो. दिली, पण आडनाव सासरचं घालून. ॲडमिट करताना शेजारणीनं घाबरून तेच सांगितलेलं, आणि आधार कार्ड समोर असूनही तिथल्या माणसानं तेच उतरवलं. दाखला हातात आल्यावर बाबांना कळेना हसावं की रडावं. ज्या आडनावापासून सुटायला तिनं चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच आडनावानं ती मेली होती. दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, दवाखान्याचं पत्र. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढं करावं: दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी नोंदीतलं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावं. नंतर बँक, पतसंस्था, आरटीओ सगळे त्या एका काना-मात्रेवर अडतात.

बँकेत आज्जी नॉमिनी होती. तरीही वारसा दाखला आणा म्हणाले. नॉमिनी असेल तर वारसा दाखल्याचा आग्रह धरायचा नाही आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो छापून नेला, तेव्हा साहेब एकदम गोड झाले. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र नॉमिनीच नव्हता. तिथं वकिलाकडं जावं लागलं, आणि तिथं जे कळलं ते मला आजही पचलेलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १५. बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. आणि तेही नसतील तर मग तिच्या आईबापाचा. म्हणजे आत्ती घटस्फोट न घेता नुसतीच माहेरी राहिली असती, तर मिरचीचा खकाणा खाऊन साठवलेला पैसा आठ महिन्यांच्या नवऱ्याकडं गेला असता, आणि तो मेला असता तर त्याच्या लोकांकडं. आज्जी हात हलवत परत.

वकील म्हणाले, "घटस्फोटाचा हुकूमनामा आहे का?"

होता. दुकानात, गल्ल्याच्या वर, महालक्ष्मीच्या फोटोशेजारी. लॅमिनेशन करून भिंतीला ठोकलेला. लोक दुकानात शॉप ॲक्टचं लायसन लावतात, हिनं ते लावलं होतं आणि त्याच्याच ओळीत हे. आम्ही बारा वर्षं तो कागद बघत होतो आणि कुणी कधी जवळ जाऊन वाचला नव्हता. "कप जिंकलाय म्या, लपवून का ठेवू?" असं ती एका बाईला म्हणाल्याचं आईला आठवतं. खिळ्याची भोकं पडलेला कागद चालणार नव्हता, कोर्टातून नक्कल काढली.

स्कूटीचं सोपं. गाडी चालवणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला मृत्यू कळवायचा, तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची, विमाही सोबत. ती मी घेतली. डिकीत अजून लवंगीचा वास आहे, हेल्मेट ठेवलं की दिवसभर नाक चुरचुरतं.

खरं काम निघालं ते उधारीच्या वहीचं.

ती पडली त्या दिवशी दुकानात डब्यांची रांग होती. काहीत आख्खी मिरची, काहीत कुटून झालेली, दोन पातेल्यांत कांदा-लसूण तळून आणलेला, तो तर टाकूनच द्यावा लागला. कुठला डबा कुणाचा? डब्यांवर खडूनं नावं होती, पण ती माणसांची नावं नव्हती. 'गॅलरीवाली'. 'दोन सुना'. 'देठ न काढणारी'. 'घासाघीस'. वही उघडली तर तिथंही तेच. पहिलवानाची आई, ३२०. रडकी पण चांगली, १५०. उशिरा देणार पण देणार, ४८०. गेल्या कित्येक हंगामांचा हिशेब, पानंच्या पानं, आणि एक सरळ नाव नाही. तिला गरजच नव्हती, सगळं डोक्यात होतं.

शटरवर कागद लावला: ज्यांचे डबे आहेत त्यांनी घेऊन जावेत. आणि मी आणि चुलतभाऊ वही घेऊन बसलो.

बायका आल्या. पहिली आली ती दारातच रडायला लागली, डबा न घेताच गेली. दुसरीनं डबा ओळखला, पदरानं पुसला, मग थांबून हळूच विचारलं, "मला काय म्हणून लिवलंय?" आता काय सांगायचं! वरचं नाव तिला दिसलंच. 'घासाघीस'. क्षणभर चेहरा उतरला, मग अशी हसली की मागच्या दोघी पुढं आल्या, "बघू बघू, मला काय?" त्या दिवसापासून डबे राहिले बाजूला, नावं बघायलाच गर्दी. ज्यांची उधारी नव्हती त्याही आल्या. 'पोलिसाची' निघाली ती पोलिसाची कुणीच नव्हती, नुसती उलटतपासणी घ्यायची म्हणून तसं नाव. 'दोन सुना'च्या दोन्ही सुना वेगवेगळ्या आल्या आणि दोघींनी तीच उधारी दोनदा भरायचा हट्ट केला. बरेच पैसे असे आपणहून आले. काही बुडाले, त्याचं काही नाही.

२०१९च्या ऑगस्टची तीन पानं वेगळी आहेत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, चिखली-आंबेवाडीकडं माणसं छपरांवर. त्या पानांवर ना नाव ना रक्कम. नुसतं 'चिखली, भाकरीसंगं' आणि पुढं किलो. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात 'मिरची संपली' एवढंच.

हे वाचून कुणी तिला देवी करायला निघेल म्हणून पुढचं सांगते. वहीत एका नावापुढं लाल पेननं खूण होती: 'हिला धा जास्त'. नाव 'सात्त्विक'. मागची वही काढली, त्यातही तेच. त्याच्या मागचीतही. किलोमागं दहा रुपये जादा, वर्षानुवर्षं, न चुकता. चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या एक बाई. आईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आत्ती माहेरी परत आली त्या आठवड्यात ह्या बाई हळदीकुंकवाला बसून म्हणाल्या होत्या, "नांदायला अक्कल लागते." दहा जणींसमोर. आत्ती तेव्हा काही बोलली नव्हती म्हणे. तिच्या आयुष्यातला तो एकच शांतपणा.

बाबांनी बसून हिशेब केला. रक्कम अडीच हजारांच्या वर गेली. बाबांचा स्वभाव असा की दुकानदारानं रुपया जास्त दिला तरी झोप लागत नाही. "परत देऊया. मेल्या माणसाच्या नावावर असलं नको."

आज्जी जेवत होती. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "एक रुपाया द्याचा न्हाई. दंड हाय त्यो."

"आई, अगं पण..."

"कोर्टात पोटगी घेतली न्हाई तिनं. हितं वसूल केली. जेव गप."

पैसे परत गेले नाहीत. त्या बाई पुढच्या हंगामात डबा घेऊन आल्या, कारण चुलतभावानं नोकरी सोडून कांडप सुरू ठेवलंय. त्यानं भाव सांगितला. त्या म्हणाल्या, "अगंबाई, ह्या वर्षी कमी केलाय व्हय?" त्यानं मान हलवली, माझ्याकडं बघितलं नाही.

मिरची ओली आहे हे त्याला अजून हातानं कळत नाही, दोनदा डंकात गोळा झालाय. मॅचला मात्र चार वाजता शटर पडतं. बायका आत्तीला शिव्या द्यायच्या तशा त्याला देतात, पण त्याला उलटून बोलता येत नाही. लाजरा आहे.

वहीतली दोन नावं अजून लागलेली नाहीत. 'बारका पोपट', ९०. आणि 'खोटं हसणारी', २१०, हिचा स्टीलचा मोठा डबाही आमच्याकडंच आहे, कडीला एका बाजूनं तार बांधलेली. पैसे नकोत, पण डबा घेऊन जा. नाव कुणाला सांगणार नाही.